काल की कल

पौडच्या थांब्यावर माझ्या पुढं एक धनगर आणि गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली त्याची लेक. कान बंद करून उभा राहायला मी काही संत नाही.

"समे, लसीचा मेसेज तुज्याच कंपनीचा ना? उद्या लस म्हनला. मेंढरं घिऊन गेलो, तर दोन दिसामागंच उरकलेली."

"आबा, जुना प्रोग्राम आमी कॉम्प्युटरच्या नव्या भाषेत लिहिला. जुन्यात 'लस काल झाली' असा मेसेज होता, त्यातलं 'काल' इंग्रजी अक्षरांत होतं. आमच्या टीममधल्या बिहारच्या अनुरागनं मला विचारलं, ह्याचा अर्थ काय? मी हिंदीत म्हटलं, कल."

"मग चुकलं कुटं?"

"हिंदीत उद्यालाबी कलच म्हणतात. त्यानं उद्या धरलं."

"मग?"

"आज त्याला कामावरनं काढतायत."

"तू अर्धवट सांगितलंस, हे सायबाला बोललीस?"

"मग मलाबी काढतील."

"वा! शिकली आन् जीभ गिळून बसली."

"बस आली. आबा, तुमी कुटं चढताय?"

"तुज्या सायबाकडं. तू न्हाई सांगत, तर मी सांगतो."

"त्याला मराठी येत न्हाई. तुमाला हिंदी येती?"

"न्हाई. मी बोलतो, तू त्येला हिंदीत सांग. आन् आता पुरतं सांग."