चौथं तिकीट

“हॅलो? … हॅलो? … हो, हो, मीच. आत्माराम. … दादा, जरा मोठ्यानं बोला. … हो, हो, रत्नागिरीच.”

रत्नागिरीला फोन लावल्यावर दुसरं काय लागणार, असं मथुराबाईंच्या मनात आलं. लवूशेठच्या कौलांच्या वखारीत, दाराजवळच्या बाकावर त्या अंग चोरून बसल्या होत्या. आत्मारामपंत मात्र भिंतीवरच्या फोनसमोर वहाणा काढून उभे होते, जणू आत गाभाराच आहे. लवूशेठनं खिशातलं घड्याळ काढून गादीवर ठेवलं होतं. “सहा मिनटां,” त्यानं आधीच बजावलं होतं. “मग कापतात हो लाइन.”

“हो, वहिनी बऱ्या ना? … हो, हो, इकडे सगळे ठीक. … दादा, तिकिटांचं काय झालं? काल शेवटचा दिवस होता ना? … हो, ऐकतोय.”

सदूदादा म्हणजे पंतांचे थोरले आतेभाऊ, कोल्हापुरात एका मोठ्या पेढीत कारकून. सन सदतीसच्या नाताळच्या सुट्टीत चौघांनी मिळून सिलोन बघायचं ठरलं होतं. चौघं म्हणजे सदूदादा, काशीवहिनी, आत्मारामपंत आणि मथुराबाई. चौघांनी एकत्र जाऊन एकत्र परतायचं, तिकिटं आधी काढायची, तर रेल्वेचं भाडं निम्म्याहून थोडंच जास्त पडत होतं. हे पंतांनीच शोधून काढलं होतं. रत्नागिरीला रेल्वे नाही, माणूस जन्मभर बोटीनं जातो-येतो. पण पंतांनी टपालानं रेल्वेचं गाइड मागवलं आणि आठ महिने ते उशाशी घेऊन झोपले. हिंदुस्थानातली सगळी जंक्शनं त्यांना पाठ होती. गाडीत ते एकदाही बसले नव्हते.

“मिळाली? … चार? चारही मिळाली?”

पंतांनी मागे वळून बायकोला चार बोटं दाखवली. मथुराबाईंनी आठ दिवस कोंडलेला श्वास सोडला. त्यांनी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत आगगाडी चित्रातसुद्धा एकदाच पाहिली होती, तीही साबणाच्या डब्यावर. मुंबईला त्या दोनदा बोटीनं गेल्या आणि दोन्ही वेळा डेकवर आडव्या पडून गेल्या. आपण कधीतरी खिडकीशी बसून, पोट जाग्यावर ठेवून, मुलूख बघत जावं एवढी एकच हौस त्यांना होती. तिला ना देवाचं निमित्त होतं ना नातेवाइकांचं. नुसती हौस होती, आणि बाईमाणसाला नुसती हौस असू नये असं घरात सगळ्यांचं मत होतं.

“हो, हो, गाइडातही तेवढंच भाडं दिलंय. … कोण? … तुमचे साहेब? … साहेब येताहेत? आपल्याबरोबर? … वा, वा, आनंद आहे. … मग आपण पाच होऊ की.”

पंतांनी रिसीव्हर कानावर आणखी दाबला.

“चारच. … हो, चारच तिकिटं, ते खरं. … पाचवं आता नाही मिळायचं? … हो, खिडकी कालच बंद झाली. … पुऱ्या भाड्यानं? नाही दादा, तेवढं आम्हांला झेपायचं नाही.”

वर असलेली चार बोटं हळूहळू खाली आली आणि कोटाच्या खिशात गेली.

मथुराबाईंनी मनाशी मोजलं. साहेब, सदूदादा, काशीवहिनी. तीन झाली. उरलं एक, आणि ते कोणाचं हे त्यांना नवऱ्याच्या पाठीकडे बघूनच कळलं. ती पाठ नेहमीसारखी वाकत चालली होती.

“साहेब तिथेच बसलेत? … त्यांच्याच फोनवरून बोलताय? … हो, हो, मग तुम्हांला तरी कसं नाही म्हणता येणार. … हो, बढतीचा प्रश्न आहे, कळतं मला. … हो, तिला बोट लागते हे खरंच आहे. … मीच लिहिलं होतं, हो. … गंमत म्हणून लिहिलं होतं, दादा.”

धनुष्कोडीला रेल्वे संपते आणि पुढं दोन तास बोट असते, हे मथुराबाईंना ठाऊक होतं. त्यांनी त्याचा विचार केला होता. तीन दिवसांच्या गाडीसाठी दोन तास लिंबू हुंगत पडायला त्या तयार होत्या. पण ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

“पुढच्या वर्षी? … हो, हो, तिला पुढच्या वर्षी नेऊ. … समजावतो मी. … छे, छे, ती समजूतदार आहे.”

मथुराबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. हाच ‘हो, हो’ त्या बावीस वर्षं ऐकत होत्या. याच ‘हो, हो’मुळं त्यांच्या माहेरचं शिसवी कपाट आतेसासूबाईंकडे गेलं ते गेलं. याच्यामुळं दर वैशाखात अकरा पाहुणे येऊन महिनाभर राहत. आणि ‘समजूतदार’ हा शब्द आला की आपलं काहीतरी जाणार, हेही त्यांना अनुभवानं पक्कं झालं होतं.

“तीन मिनटां झाली,” लवूशेठ म्हणाला.

“हो, दादा, बोला. … दाखला? … देवी टोचल्याचा, हो, हो. … नाहीतर धनुष्कोडीवरूनच परत पाठवतात, वाचलंय मी. … माझा? … आज टपालात टाकू? … निघायच्या आधी दहा दिवस टोचलेलं हवं? … हो, ते … ते झालंय. म्हणजे होतच आलंय.”

निघायला आठ दिवस होते. पंत तीन वेळा सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले होते आणि तीनही वेळा कचेरीत काम आठवून परतले होते. मथुराबाई तीन आठवड्यांपूर्वीच शेजारच्या गोदूबाईंना घेऊन जाऊन टोचून आल्या होत्या. दंड भोपळ्यासारखा सुजला होता. चार दिवस त्यांनी एका हातानं नारळ खवला.

त्या उठल्या. थोरल्या दिरांसमोर त्या कधी तोंड उघडत नसत, आणि इथं दीर त्या भिंतीवरच्या पेटीत बसलेले. त्यांनी कनवटीचा बटवा सोडला, घडी केलेला कागद काढला आणि फोनखालच्या फळीवर पसरला. सरकारी शिक्का, तारीख आणि त्यावर त्यांचं नाव.

“अं? … नाही, नाही, आहे मी. फोनवरच आहे. … एक मिनिट, दादा.”

“सांगा त्यांना,” मथुराबाई हळूच म्हणाल्या.

“काय सांगू?”

“दाखला कुणाकडे आहे ते.”

पंतांनी फोनच्या बोलायच्या तोंडावर तळवा दाबला. “अगो, तिथं साहेब बसलेत.”

“आणि इथं मी उभी आहे.”

पंतांनी कागदाकडे पाहिलं. मग ते फोनकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

“हॅलो … दादा, माझा दाखला नाही. … नाही म्हणजे मी टोचून घेतलंच नाही. … भ्यालो. … हो, सुईला. … पन्नाशीला आलो, हो, माहीत आहे मला. … हसू द्यात साहेबांना.”

ऐकता ऐकता त्यांचे कान लाल झाले. मग त्यांचा चेहरा उजळला. तो चेहरा मथुराबाई ओळखत होत्या.

“साहेबांच्या ओळखीचे डॉक्टर? … कोल्हापुरातच? … मागची तारीख घालून? … टोचायचं नाही, नुसता कागद? … म्हणजे मी येऊ शकतो? … हो, ह…”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मथुराबाई रागावल्या नाहीत, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. त्या फक्त उजव्या हातानं डावा दंड चोळत होत्या. तो अजून ठणकत होता.

“नाही,” पंत म्हणाले.

लवूशेठनं मान वर केली.

“ऐकू नाही आलं? … नाही म्हणालो, दादा. … खोटा कागद मला नको. … दाखला मथुरेकडे आहे, खरा. चौथं तिकीट तिचं. … बोट लागते, हो. लागू दे. दोन तासांचं तर आहे. … काशीवहिनी आहेत की सोबतीला. … साहेबांना काय वाटेल ते मी कसं सांगू? त्यांना विचारा, बसलेत ना तिथं. … नाही, दादा. नाही. … मी तिला कोल्हापूरपर्यंत मोटारीनं आणून सोडतो, तिथून तुमच्या ताब्यात. … बरं, ठरलं मग.”

लवूशेठनं एक बोट वर केलं. एकच मिनिट उरलं होतं.

ते मिनिटही सरलं, आणि मथुराबाईंना फोनमधून ‘खट्’ असं ऐकू आलं. आतली गुणगुण थांबली. पंतांनी मात्र रिसीव्हर कानाला तसाच धरला होता, आणि ते आता घाईनं बोलत होते.

“हो, हो … आणि ऐका, मिरजेला गाडी बदलावी लागते, तिथं तिला पाणी भरून द्या. … खिडकीपाशी बसवा. कोळशाची कुसळं डोळ्यांत जातात म्हणतात, तिला पदर घ्यायला सांगा. … आणि पांबनचा पूल येईल, तेव्हा झोपली असली तर उठवा. तिथं गाडी समुद्रावरून जाते. बोट नाही, गाडी. सगळ्या गाइडात तशी जागा दुसरी नाही. … हो, हो.”

“पंत,” लवूशेठ म्हणाला, “लाइन कापली हो मघाशीच.”

पंतांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊक होतं. मथुराबाईंच्या ओठांवर आलं होतं की, मग तुम्हीच जा, तुम्हांला सगळं पाठ आहे. त्यांनी ते गिळलं. कागदाची घडी केली आणि बटव्यात ठेवली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “समुद्र कुठल्या अंगाला दिसतो?”

“दोन्ही अंगांना,” पंत बंद फोनमध्येच म्हणाले, आणि त्यांनी रिसीव्हर जागेवर अडकवला.