नाकावरचं काजळ

हे कुणाला सांगायचं नाही असं अप्पांनी बजावलंय, पण तुम्ही तर माझ्या मैत्रिणीच. अप्पांना हल्ली जवळचं बारीक दिसत नाही. हे बाहेर कळलं, तर जंगलाचे रेंजर साहेब त्यांची कामं अप्पांसारख्या गावच्या लोहाराकडं न देता थेट बेळगावला धाडतील.

गेल्या आठवड्यात साहेबांच्या रिव्हॉल्वरचं गोळ्यांचं चक्र फिरेना. ते फिरवणारं आतलं पोलादी बोट मोडलं होतं. अप्पांनी अंदाजानं नवं घडवलं, पण ते अडत होतं. अशा वेळी त्याला काजळ फासून आत बसवायचं, चक्र फिरवायचं, आणि जिथलं काजळ पुसलं जाईल तिथं ते अडतंय असं समजून तेवढीच जागा कानशीनं घासायची. ते बघणं आणि घासणं, दोन्ही मीच केलं.

परवा साहेब अणशीच्या जंगलात जाता जाता ते न्यायला आले. त्यांनी रिकामाच चाप ओढला. चक्र टक टक करत छान फिरलं.

“तूच बसवलंस ना?”

“व्हय साहेब,” अप्पा म्हणाले.

“मग पोरीचं नाक काळं कशानं?”

आई आतून म्हणाली, “शाळंला जायचं हाय न्हवं, काजळ घातलंय.”

“नाकाला?”

मी नाक पुसायला गेले, तर बोटंही काळीच! साहेब उठले आणि हसू दाबत म्हणाले, “उद्या बंदूक पाठवतो. पोरीला काजळ घालून ठेव.”

ती बंदूक कालच आली, आणि तिची मोडलेली कमान, म्हणजे स्प्रिंग, मी आज— थांबा, अप्पा हाक मारतायत.

“बाळे, कुठं हाईस? काजळाची डबी घेऊन ये बघू!”