लाईट गेलेल्या कार्यक्रमातले पन्नास सेकंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्यापैकी निम्म्या लोकांच्या दाढा ज्यांच्या हातून गेल्या ते आमचे दंतवैद्य डॉक्टर. ज्यांच्या ठेक्यावर समोरच्या कित्येकांचं तारुण्य गेलं ते प्रमुख पाहुणे, बँडचे ड्रमरसाहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती टेपकाका. काकांना न्यायला आलेली त्यांची लेक आणि जावई. मंडळाचे पदाधिकारी आणि समोर बसलेल्या तमाम कानसेनांनो, सर्वांना नमस्कार.

माझ्याआधी सहा जण बोलून गेले. सगळे छान बोलले. काका टेलिफोन खात्यात दुरुस्तीचं काम करायचे, सव्वीस वर्षं बँडच्या प्रत्येक कार्यक्रमाला प्रेक्षकांत बसून त्यांनी टेप केलं, दोनशे चौदा कॅसेटी जपल्या, हे तुम्ही सहा वेळा ऐकलंत. सातव्यांदा ऐकवत नाही. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मनोगत' असं लिहिलंय. त्यानंतर अध्यक्ष टेपांच्या कपाटाची किल्ली माझ्या हाती देणार, टाळ्या होणार, मग चहा. चहा होईल. किल्लीचं बघू.

काकांची लेक आणि जावई आज पहिल्यांदाच आमच्यात आले आहेत, म्हणून आमची भाषा थोडी समजावून सांगतो. हा बँड एकच गाणं दोनदा सारखं कधी वाजवत नसे. आज सात मिनिटं, उद्या एकतीस. कुठे वळतील त्यांचं त्यांना माहीत नसायचं. त्यामुळे आम्हाला गाण्याचं नाव पुरत नाही, कार्यक्रम सांगावा लागतो. आणि कार्यक्रमाला आम्ही तारखेने ओळखत नाही, टेपमध्ये जे ऐकू येतं त्याने ओळखतो. एक 'खुर्ची पडलेला', एक 'खोकल्याचा', एक 'बाळ रडलेला'. ते बाळ आता बँकेत नोकरीला आहे आणि मंडळाचं सभासद आहे. दर शनिवारी दुपारी याच वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही एक टेप लावतो आणि भांडतो.

"'खुर्ची'त गिटार जास्त मोकळी आहे."

"तुमचे कान जास्त मोकळे आहेत. 'खोकला' ऐका जरा!"

मागच्या वर्षी ड्रमरसाहेब पहिल्यांदा आले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी हात जोडून विचारलं, "साहेब, इथे तुम्ही एकदम ठेका सोडलात आणि पुन्हा पकडलात. त्या क्षणी मनात काय होतं?" साहेब म्हणाले, "भूक." डॉक्टरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

हसा, हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते विचारू नका, तोंडी परीक्षा घेणाऱ्या सरांना विचारा. त्यांना अजून आठवत असेल. घरात आई बोलत नव्हती, बाबा फार बोलत होते. भेटेल तो विचारायचा, पुढे काय? काकांनी तेवढंच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "दुपारी मोकळा असतोस का?" दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या मागच्या खोलीत बसून एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला लागलो. त्या कामाचा त्यांचा एकच नियम होता. टेपवर जे आहे ते आहे, जे नाही ते नाही म्हणून ठेवायचं. खोकला काढायचा नाही, खुर्ची काढायची नाही. कॅसेट बदलताना जो वेळ गेला तो तसाच रिकामा सोडायचा, आणि काकांचा आवाज असतो, "टेप बदलली, इतके सेकंद गेले," तोही ठेवायचा.

आता 'लाईट गेलेला'. हा कार्यक्रम आमच्या मंडळात कोणाला माहीत नाही? एकतीस मिनिटांचं ते गाणं ऐन रंगात आलेलं असताना सभागृहाची लाईट गेली. गिटारी बंद, माइक बंद. साहेब थांबले नाहीत. काळोखात नुसते ड्रम चालू राहिले. काकांचा रेकॉर्डर बॅटरीवर होता, तोही चालू होता. आणि नेमकी तेव्हा कॅसेट संपली. एरवी काका दहा सेकंदांत बदलायचे. त्या दिवशी अंधारात चाचपून काढली, नवी घातली, ती उलटी गेली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. टेपवर त्यांचा आवाज आहे, "पन्नास सेकंद गेले. चूक माझी." त्यानंतर जे ऐकू येतं त्यात लाईट आलेली आहे आणि अख्खा बँड जोरात वाजतोय. मधे काय झालं? गिटार कशी आली, कोणी कोणाचा सूर उचलला? टेपवर नाही.

अकरा वर्षं आम्ही यावर भांडलो. काका सोडले, त्यांचं लक्ष कॅसेटीत होतं, तर त्या दिवशी सभागृहात असलेले आमच्यातले चौघे. चौघांच्या चार तऱ्हा. त्यातले टेलरमामा, ते मागे खिडकीपाशी बसलेत, एकच सांगायचे. "अरे, अंधारात लोक गुणगुणत होते. अख्खं सभागृह. आधी एक बाई, मग रांगच्या रांग. माझ्या शेजारचा जाड माणूससुद्धा. लाईट आली तेव्हा आम्ही गात होतो आणि बँड आमच्यात आला." दरवेळी हेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मंडळात एक व्यक्ती आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. नाव घेत नाही. घेण्याची गरजही नाही, कारण माझ्या डोळ्यांना काडीचाही नंबर नसताना मी वर्षातून तीनदा डोळे तपासून घेतो हे या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. ती काच बदलून विचारते, "हे बरं दिसतंय की हे?" आणि मला दोन्हींत तीच दिसते. तर एका शनिवारी ती म्हणाली, "ते पन्नास सेकंद एकदा ऐकायला मिळाले तर मी दुसरं काही मागणार नाही."

झालं. माझं डोकं फिरायला एवढं पुरे होतं.

'लाईट गेलेल्या'च्या दोन वर्षं आधीच्या एका कार्यक्रमात त्याच गाण्यात असाच एक हळू भाग आहे. नुसते ड्रम, मग लांबून गिटार येते, मग सगळे. वेग जवळपास तोच. मी तो उचलला, थोडा ओढला, कडा घासल्या, काकांचा आवाज काढून टाकला आणि ती फट बुजवली. चार दुपारी लागल्या. आणि शनिवारी इथे उभं राहून सांगितलं की दुसऱ्या एका माणसानेही तो कार्यक्रम टेप केला होता, त्याची कॅसेट मला मिळाली.

हो, डॉक्टर. असा दुसरा माणूस नाही. कॅसेटही नाही. ते पन्नास सेकंद मी बनवले.

बसा, बसा सगळे. मला पूर्ण बोलू द्या, मग काय बोलायचं ते बोला. अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, 'आटोपतं घ्या.' डॉक्टर, तुम्ही माझी अक्कलदाढ काढताना दीड तास घेतला होतात. मी हूं की चूं केलं नाही.

त्या शनिवारी ती रडली. तुमच्यापैकी बरेच जण रडले. डॉक्टरांनी वार्षिक अंकात त्या पन्नास सेकंदांवर चार पानी लेख लिहिला. ड्रमरसाहेबांनी ऐकून मांडीवर थाप मारली, "हे मला आठवतंय! हे मी केलं होतं!" जे चौघे तिथे होते त्यांतल्या तिघांना दोन आठवड्यांत अगदी असंच झाल्याचं आठवायला लागलं. आणि चौथ्याला आपण काय केलं? "काय मामा, कुठाय तुमचं गुणगुणणं? शेजारचा जाडा कुठे गेला?" मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. मामा म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल. वय झालं." पुढचे आठ महिने ते शनिवारी आले नाहीत. आज काकांसाठी आलेत.

मामा, तुमचं काही चुकलं नव्हतं. लोक गुणगुणत होते की नाही हे मला माहीत नाही. पण गुणगुणत नव्हते असं सांगणारी कुठलीही टेप या जगात नाही. तुम्हाला खोटं पाडायला मी एक बनवली.

काकांना कधी कळलं? गेल्या महिन्यात आम्ही खोकी भरत होतो. काका चिकटपट्टी लावता लावता म्हणाले, "त्या पन्नास सेकंदांत एक बाई हसते. ऐकलंस?" म्हटलं, प्रेक्षकांतलं कोणीतरी असेल. डॉक्टरांच्या लेखात नाही का, 'त्या हास्यात साऱ्या श्रोत्यांचा आनंद आहे'? काका म्हणाले, "ती तुझी काकू आहे. माझ्या डाव्या हाताला बसायची. गिटारवाला चुकला की तिला हसू यायचं." मग म्हणाले, "लाईट गेली त्या दिवशी डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती. तिला जाऊन चार महिने झाले होते."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? "पहिल्या दिवसापासून." मग बोलला का नाहीत? काकांनी पट्टी दातांनी तोडली. "हसणं ऐकायला मिळत होतं. मोहात पडलो. चूक माझीही." त्यांनी पट्टी खोक्यावर दाबून बसवली. मग म्हणाले, "मी जायच्या आत तिला तिच्या जागी ठेव. तारीख चुकवू नकोस तिची."

काका, ठेवलं आहे. मूळ कॅसेटीवरून दोन्ही कार्यक्रम पुन्हा उतरवले, सेकंदाला हात लावला नाही. ही घ्या दोन्हींची प्रत. काकू आपल्या तारखेला, आपल्या खुर्चीत हसतायत. तुमचं "चूक माझी" तुमच्या तारखेला आहे.

काल मी चष्म्याच्या दुकानात गेलो. डोळे तपासायला नाही. सगळं सांगितलं. माझ्या मनातलंही सांगून टाकलं, कारण एक कबूल करून दुसरं लपवणं मला जमेना. तिने हातातली काच पुसली, पुन्हा पुसली. म्हणाली, "मी जी रडले त्याचं आता काय करू? सांग ना. कुठे ठेवू ते?" मग म्हणाली, "आणि हे मला एकटीला सांगून मोकळा होणार आहेस, की उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहेस?" म्हटलं, सांगणार. "मग ते झाल्यावर बघू," म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं. ती आज आली आहे. मी तिकडे बघत नाहीये, कारण मला अजून एक काम पुरं करायचं आहे.

'लाईट गेलेला' सोमवारी छापायला जातोय. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा रेकॉर्ड कंपनी आपला कार्यक्रम काढतेय, आणि तो माझ्या बनावट पन्नास सेकंदांसकट काढतेय. मी परवा कंपनीत फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "मधे पन्नास सेकंद गप्प बसणारी रेकॉर्ड कोण ऐकणार? मग राहू दे, काढतच नाही." मी त्याला काय म्हणालो ते इथे सांगण्यासारखं नाही. काकांनी मला पुन्हा फोन करून माफी मागायला लावली. मग तो एवढंच म्हणाला, बँडच्या वतीने करारावर ड्रमरसाहेबांची सही आहे, बदल हवा असेल तर त्यांच्या सहीचं पत्र आणा, पुढचं पुढे.

ते पत्र हे. साहेब, यात लिहिलंय की ती फट तशीच राहील आणि तिच्यात काकांचा आवाज राहील. सही केलीत तर कदाचित रेकॉर्ड निघेल, कदाचित कधीच निघणार नाही. समोर बसलेल्या लोकांनी तिची वाट बघण्यात केस पांढरे केलेत. मला माहीत आहे मी काय मागतोय. तरी मागतोय. तुम्ही सही केली नाहीत तर सोमवारी सकाळी मी कंपनीच्या दारात जाऊन बसेन, आणि आत घेतील त्या प्रत्येकाला हीच गोष्ट पहिल्यापासून सांगेन.

काय म्हणालात साहेब? मागे ऐकू गेलं नसेल, मी माइकवर सांगतो. साहेब विचारतायत, "मग त्या दिवशी मी नक्की वाजवलं तरी काय?"

माहीत नाही, साहेब. कोणालाच माहीत नाही.

साहेब म्हणतायत, "लेका, आठ महिने मी ते घरी सगळ्यांना वाजवून दाखवतोय."

आता ते टेलरमामांना विचारतायत. मामा, उभे राहा ना. साहेब विचारतायत, लोक कुठल्या सुरात गुणगुणत होते?

ऐकलंत? मामा म्हणतायत, "सूर बीर नव्हता हो. प्रत्येकाचा वेगळा. पण तुमच्या ठेक्यात होते."

अध्यक्षमहाराज, तुमचं पेन द्या. साहेब पेन मागतायत.

झाली सही. आभारी आहे, साहेब.

किल्लीबद्दल एवढंच. ती आज माझ्या हातात देऊ नका. समितीने बैठक घ्यावी, मला बाहेर उभं करावं, आणि कोणाला द्यायची ते ठरवावं. कोणालाही द्या, उरलेल्या सगळ्या कॅसेटी मी पुन्हा एकदा मूळ टेपशी ताडून बघणार आहे, कोणाच्या तरी देखरेखीखाली. देखरेखीला टेलरमामा असावेत अशी माझी विनंती आहे.

तुम्ही सगळ्यांनी मला उठवून न लावता ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी दुसरी चिठ्ठी पाठवली नाही, आणि काकांनी मला दुपारी मोकळा असतोस का असं विचारलं होतं, या सगळ्यांबद्दल मनापासून आभार. काका, लेकीकडे सुखाने राहा. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, शब्द कमी-जास्त गेला असेल, तर ती चूक पोटात घाला.

टेपमधली घालू नका.