हात सुटला, हक्क सुटला

नाक खाजत होतं हो माझं, नाक! अगदी शेंडा! आणि दोन्ही हातांत दोन रिव्हॉल्व्हरं... आता सांगा, माणसानं करायचं काय? ‘खाली ठेव’ म्हणता? अहो, ड्वेनच्या दुकानात खाली ठेवता आलं असतं तर मी तुमच्यापुढं रडत बसलो असतो का? तुम्हाला सांगतो, आमच्या मोंटानात बंदुकीच्या काउंटरवर कायदा एकच. जुनं हत्यार तुमच्या हातात आहे तोवर दुसऱ्यानं ‘ब्र’ काढायचा नाही, पण काचेवर टेकवून बोटं उचललीत की संपलं... हात सुटला, हक्क सुटला! आणि माझ्या मागं कोण उभा? हार्लन क्विस्ट! तोंडात दातकोरणं, दोन्ही हात पोटावर, आणि म्हणतो काय, ‘सावकाश होऊ दे, लाइल. मला कुठं घाई आहे?’

घाई नाही म्हणे! मांजर उंदराला म्हणतं तसं!

बरं, हत्यारं तरी कशी? एक छोट्या फ्रेमचं, एवढुसं, खिशात टाकलं तर रुमालाबरोबर धुवायला जाईल. दुसरं थोरल्या फ्रेमचं, नळी ही अशी लांब, कमरेला लावून दोन पावलं टाकली की पॅन्ट गुडघ्यावर! छोटं घ्यावं तर अस्वल हसेल, थोरलं घ्यावं तर पॅन्ट घसरेल!

हो, अस्वल! गेल्या सप्टेंबरात नदीवर सकाळभर खपून ट्राउट धरले, दोरीत ओवून पाण्यात सोडले, वळून बघतो तर हा डोंगर उभा! आणि मी काय म्हणालो? ‘हूश!’ अहो, कोंबडीला म्हणतात तसं... तोंडातून तेवढंच निघालं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग बसकण मारली आणि निवांत सगळे मासे खाल्ले. काटेसुद्धा ठेवले नाहीत मेल्यानं! तेव्हापासून नदीला गेलो नाही मी. घरी बसून खिडक्या पुसतो. हसू नका, नदीवाचून करमत नाही हो मला! म्हटलं, कमरेला काहीतरी असलं की पुन्हा जाईन.

तर ड्वेन म्हणतो, ‘हे बघ लाइल, छोट्याचा बार काढलास तर अस्वल वळून विचारेल, काही म्हणालास का?’ मग थोरलं देतोस? ‘देतो की. त्यानं अस्वल आडवं होतंच. पण जड हत्यार नेणारे सगळे आठवड्याभरात ते गाडीतच ठेवायला लागतात. अस्वलाला काय सांगशील, जरा थांब, गाडीपर्यंत जाऊन येतो?’ अरे, तू विकायला बसलायस की माझी थट्टा करायला? छोटं घ्यावं तर अस्वल हसेल, थोरलं घ्यावं तर...

आणि इकडं नाक! मागून हार्लन म्हणतो, ‘खाजवून देऊ का?’ आणि दिलं हो, खरंच! माणूस वाईट नाही, टपलेला आहे एवढंच. तेवढ्यात खिशात फोन. तोही त्यानंच काढला आणि माझ्या कानाला लावला. आमची अर्लीन! ‘लाइल, गाडीत आइस्क्रीमचं सूप झालंय! एक पिस्तूल निवडायला एवढा वेळ? लग्नाला तरी एवढा विचार केला होतास का? थांब, मीच येते.’

आली. चपला फटाफटा वाजवत आली, माझ्यासमोर उभी राहिली, हात पुढं केले आणि म्हणाली, ‘दे इकडं.’

आणि मी... दिली! दोन्ही! अहो, जन्माचं वळण आहे ते! किल्ल्या दे, पाकीट दे, रिमोट दे... ती ‘दे’ म्हणाली की माझे हात आधी देतात, डोकं मागाहून येतं! हार्लनच्या तोंडातलं दातकोरणं खाली पडलं. अर्लीननं थोरलं तोललं, ‘हा काय नांगर आहे?’ म्हणाली आणि ठेवलं की काचेवर! टक्! मी ओरडलो, ‘अगं, बोटं उचलू नको, बोटं!’ उचलली! आणि पुन्हा पोटावर जाऊन विसावलेला हार्लनचा हात त्या थोरल्यावर काय सुटलाय म्हणता... मी ड्वेनकडं बघितलं, तर तो आढ्याकडं बघत म्हणतो, ‘हात सुटला...’ पुढचं अख्ख्या दुकानानं म्हटलं!

म्हटलं, जाऊ दे, छोटं तर आहे. तर अर्लीननं ते मुठीत धरलं, भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरला, हात हलेल तर शपथ! ‘हे मला बसतंय रे. मीच घेते.’

‘आणि मी गं?’

‘तू मासे धर. अस्वलाचं मी बघते.’

आता जातो आम्ही नदीवर. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पाण्यात पाय घातला तेव्हा डोळे भरून आले माझे. ती काठावर घडीची खुर्ची टाकून बसते, खिशात ते एवढुसं. आणि माझ्या कमरेला काय? घंटी! गाईच्या गळ्यात असते ना, तसली! म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, ‘तू कुठं आहेस ते मला कळायला नको?’ म्हटलं, अगं, अस्वलालाही कळेल ना!

तर म्हणते, ‘बरंच की! मग मला त्याला शोधत बसायला नको.’

काय करणार... वाजवत हिंडतो झालं.