एका गोलाचं धुणं

नाही ठेवला हो, एकानंही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि आता सगळे ठेवतात तर मलाच नकोसं झालंय, पण ते शेवटी सांगते, आधी नीट बसा... तुम्हाला सांगते, एकोणीस वर्षं मी आमच्या फुटबॉल क्लबचे कपडे धुते. जर्सी, चड्ड्या, मोजे. मोज्यांबद्दल मी बोलणार नाही, तुम्ही जेवून आला असाल. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, पण कपडा वाचायला चौथी पुष्कळ झाली. कोण धावला, कोण नुसता उभा राहिला, कोण खरा पडला आणि कोण पडल्याचं सोंग करून लोळला, सगळं मला बादलीपाशी कळतं. मॅच मी बघत नाही. बघायची कशाला? माणूस खोटं बोलेल, रेफरी बोलेल, आमचे हे तर रोज बोलतात. कपडा खोटं बोलत नाही.

तर झालं असं, की आमचा क्लब लागोपाठ अकरा मॅच हरला. अकरा! एवढं सातत्य आमच्या नळाच्या पाण्यालासुद्धा नाही. मग जुन्या मॅनेजरला नारळ दिला आणि नवा आणला. मला वाटलं कुणी दांडगा, मिशीवाला येईल. आला तो कसा, तर वाळत घातलेल्या पायजम्यासारखा, वारा आला तर दोन चिमटे लावावेत असा. बोलणं एकच शब्द. काहीही विचारा, “बघू.” आमचे हे, म्हणजे बस चालवतात ते, त्याच दिवशी घरी येऊन म्हणाले, “गेला क्लब. हा माणूस नुसता बघणार.”

त्यानं येताना एक मात्र केलं. नव्या जर्सी आणल्या. सुती, मऊ, पांढऱ्या. पूर्वीच्या त्या चकचकीत, घाम न पिणाऱ्या, उकळा नाहीतर तळून काढा, ढिम्म फरक पडत नसे. ह्या बघून मीसुद्धा हात फिरवला. धुलाईखोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, “मावशी, कोरं कापड आहे, घालण्याआधी एकदा धुऊन द्या, आत लेबल आहे, तेवढं बघून...” मी म्हटलं, हो हो. एकोणीस वर्षं धुतेय, आता लेबल मला शिकवणार?

अकरापैकी दहा माझ्याकडे राहिल्या. अकरावी आमच्या लेकीनं उचलली. कारण अकरावी जावयाची. हो, आमचे जावईबापू त्याच क्लबात खेळतात, उजव्या बाजूचे बॅक, आणि आमच्याच घरात माडीवर राहतात. लेक म्हणाली, “आई, ह्यांची मी धुते, तू फार आपटतेस.” घ्या! जिचे लंगोट मी आपटले ती मला सांगते फार आपटतेस! कडेवर पोर, एका हातानं नळाखाली दोन बुचकळ्या मारल्या, पिळली न पिळली, टाकली दोरीवर. मी बघितलं आणि तोंड फिरवलं. म्हटलं तुझा नवरा, तुझी जर्सी, तुझं नशीब.

आणि एक आधीच कबूल करते, हे लग्न मला पसंत नव्हतं. मुलगा काय करतो? खेळतो. अहो खेळायला काय, आमची नातही खेळते, चौदा महिन्यांची आहे, तिला मी मुलगी देऊ का कुणाची? त्यात गॅलरीनं जावयाला नाव ठेवलेलं, खांब. जागचा हलत नाही म्हणून. बाजारात गेलं की लोक विचारायचे, “मावशी, खांब बरा आहे ना?” काय सांगू? रंग दिलाय, म्हणून सांगू?

तर रविवारी मॅच झाली. आणि आम्ही जिंकलो. एक-शून्य.

आता तुम्ही म्हणाल, आनंद झाला असेल. झाला ना, साधारण पाऊण तास. हे घरी आले ते वेड्यासारखे, डाव्या पायात मोजा, उजवा अनवाणी. म्हणे पहिल्या मिनिटापासून एकच मोजा ठेवला होता म्हणून जिंकलो. सोमवारी बस चालवताना प्रत्येक थांब्यावर खाली उतरून सांगत होते, आत बसलेला एक माणूस म्हणाला, साहेब, मला दवाखान्यात जायचंय, तर हे म्हणाले, आधी ऐकून जा, बरं वाटेल.

पण अकरा वेळा हरलेल्या माणसांचं कसं असतं, शिव्या द्यायची जिभेला सवय लागलेली असते. जिंकल्यावर ती जीभ ठेवायची कुठे? सोमवारी दुपारपर्यंत सगळ्यांचं सुरू झालं: जिंकलो, पण एकाच गोलनं का?

आणि गोल तरी कसला! आमचा पुढचा खेळाडू, ज्याला सगळे हिरो म्हणतात, केसांना मधासारखं काहीतरी लावतो, त्याच्या पाठीवर चेंडू आपटला आणि आत गेला. त्याला कळलंच नाही, तो दुसरीकडे बघत होता. तरी न्हावी म्हणाला, “ही नवी विद्या आहे. पाठ द्यायची, म्हणजे समोरचा बेसावध.” न्हाव्याचं दुकान म्हणजे आमच्या क्लबचं सुप्रीम कोर्ट. तिथे बसून हे लोक एकेक शोध लावत होते. म्हणे सगळे खेळाडू कसे ताठ धावत होते, हात अंगाला चिकटवून, छाती पुढे काढून, काय ती शिस्त, ही मॅनेजरची करामत. म्हणे हिरोनं डोक्यानं मारायला पाच उड्या मारल्या, पाचही वेळा हात खांद्याच्या वर नेले नाहीत, केवढा संयम. म्हणे अर्ध्या वेळेनंतर सगळे धापा टाकत होते, म्हणजे बघा किती जीव तोडून खेळले. मी जाता-येता ऐकत होते. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला.

मग एवढं सगळं भारी होतं तर एकच गोल का? कुणावर तरी ढकलायला हवं. मॅनेजरवर कसं ढकलणार, नवरीला पहिल्याच दिवशी कुणी भांडी घासायला लावत नाही. हिरोवर कसं, त्यानं गोल केलाय, पाठीनं का होईना. मग कोण उरलं? खांब. शेवटच्या मिनिटाला चेंडू म्हणे आमच्या जावयाच्या दोन पायांतून आरपार गेला, तो गोलच्या खांबावर आदळून परत आला म्हणून वाचलो. न्हावी म्हणाला, “खांबानं घालवलं, खांबानंच वाचवलं.” ह्यावर दुकान तासभर हसलं. आणि ठरवलं, की मंगळवारी मॅनेजर केस कापायला येतो तेव्हा त्याला सगळ्यांनी मिळून सांगायचं, खांब काढा.

आता हसायचं थांबा, ही गोष्ट हसण्यातली नाही. जावयाला त्याच्या गावाहून बोलावणं आलेलं होतं, तिथल्या शाळेत मुलांना कवायत शिकवायची नोकरी. गाव कुठं, तर गाडीनं दीड दिवस. संघातून काढलं असतं तर तो गेला असता. तो गेला असता तर लेक गेली असती. आणि लेक गेली असती तर... सकाळी मी कपडे भिजवते तेव्हा माझ्या बादलीला धरून एक जण उभी राहते, साबणाच्या फेसाला हाणते आणि खिदळते. तिला अजून आजी म्हणता येत नाही, काहीच म्हणता येत नाही. दीड दिवसाच्या वाटेवर ती बोलायला लागली असती आणि मला पत्ता नसता. मी हे घरात कुणाला बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

सोमवारी रात्रीच्या जेवणाआधी मी मॅचच्या मळक्या जर्सींची टोपली उपसली. धुवायची होती, पण ह्यांनी धुऊ दिली नव्हती. हात आडवे पसरून उभे, म्हणे जिंकलेल्या जर्सी आठवडाभर धुवायच्या नाहीत, नशीब धुऊन जातं. खोलीत वास असा, की नशीब आपल्या पायांनीच निघून जाईल. तर मी नाक दाबून एकेक काढली. हिरोची, नुसता पाठीवर चेंडूचा गोल शिक्का, बाकी लग्नाला घालून जावी. बाकीच्या तशाच, काखेत घाम, पुढे थोडी माती. आणि जावयाची? अहो, छातीवर हिरवं, कोपरावर हिरवं, पाठीवर मिठाच्या खरखरीत रेघा एकावर एक, तीन वेळा भिजून तीन वेळा वाळलेल्या, खांद्याची शिवण उसवलेली. एकोणीस वर्षांत अशी जर्सी मी दोनदा बघितली असेल. खांब म्हणे! हा माणूस अख्खं मैदान पालथं घालून आला होता.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “आता जावयाची बाजू घ्यायला लागलीस?” मी! जिनं लग्नात आशीर्वाद द्यायला हात वर केला तोसुद्धा दुसऱ्यानं ढोसल्यावर! शेजारणीला सांगितलं, ती डोळे मिचकावून हसली. खुद्द जावयाला सांगितलं, अहो जावईबापू, तुम्ही सगळ्यात जास्त धावलात, तर तो बिचारा घाबरला, म्हणाला, “आई, तुम्हाला बरं नाही का?”

मग काय, मंगळवारी टोपली उचलली, डोक्यावर घेतली, आणि न्हाव्याच्या दुकानात शिरले. आत दहा-बारा जण, मध्ये खुर्चीवर मॅनेजर, गळ्याला पांढरं फडकं, अर्धं डोकं कापलेलं, पळणार कुठे? हे सुद्धा तिथेच, एका मोज्यात. सगळे एकदम बोलत होते, खांब काढा, खांब काढा, आणि तो आरशात बघून म्हणत होता, “बघू.”

मी म्हटलं, बघायचंय ना, मग हे बघा. आणि जावयाची जर्सी त्याच्या मांडीवर पसरली. वासानं चार जण मागे सरकले. मी त्याला सगळं वाचून दाखवलं, हे हिरवं म्हणजे घसरून चेंडू काढला, असा एकदा नाही, सहादा. ही मिठाची पहिली रेघ, ही दुसरी, ही तिसरी. ही शिवण म्हणजे कुणीतरी ओढलं आणि हा तरी सुटून धावला. तुमच्या बाकीच्या दहांनी मिळून एवढी माती आणली नाही. पायांतून एक चेंडू गेला, अहो जाईल नाहीतर काय, पाय शिल्लक होते कुठे? कपडा खोटं बोलत नाही.

मॅनेजरनं ती जर्सी उचलली, उजेडाकडे धरली, शिवणीत बोट घातलं. मग आरशातून सगळ्यांकडे बघत आयुष्यातलं पहिलं लांब वाक्य बोलला. “हा राहणार. आता ह्याच्याबद्दल मला कुणी विचारायचं नाही.”

बस. इथे मी टोपली उचलून घरी यायला हवं होतं. जिंकलेल्या बाईनं पायरी उतरावी. पण माझी जीभ! मी म्हटलं, आता तुमच्या हिरोचीही बघा, म्हणजे फरक कळेल. आणि हिरोची जर्सी काढून जावयाच्या जर्सीवर ठेवली. शेजारी नाही हो, वर. बरोबर वर.

न्हाव्याच्या नजरेला मापाची सवय. कात्री थांबवून म्हणाला, “मावशी, हिरो खांबापेक्षा वीतभर उंच आहे ना?”

मी म्हटलं, आहे की.

“मग त्याची जर्सी वीतभर छोटी कशी?”

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला शनिवारचा तो ढीग आठवला. घड्या घालताना वाटलंच होतं, आज ढीग बुटका दिसतोय, म्हटलं वा, हात बसला आपला. न्हाव्यानं कॉलर उलटी केली, लेबल बघितलं. त्यावर अक्षर एक नाही, नुसतं चित्र. पाण्याचं टोपलं आणि त्यात एक टिंब. मॅनेजर हळूच म्हणाला, “एक टिंब म्हणजे गार पाणी, मावशी. तुम्ही काय समजलात?”

मी समजले होते एक चमचा पावडर. टाकली एक चमचा. उकळत्या पाण्यात.

मग एकेकाच्या तोंडावर उजेड पडत गेला, दिवाळीच्या... नाही, विजेच्या माळेसारखा. ती शिस्त! ते चिकटलेले हात! तो संयम! ती छाती पुढे! अहो, श्वास घ्यायला जागा नव्हती त्यांना, दहा माणसं लेकराच्या झबल्यात शिरून नव्वद मिनिटं धावली, आणि एकच धड धावला, ज्याच्या बायकोनं दोन बुचकळ्या मारून जर्सी दोरीवर टाकली होती. आमचे हे सगळ्यात मोठ्यानं हसले. माझा नवरा. मोजा काढून हसले. आणि न्हावी म्हणाला, “काय म्हणता मावशी, कपडा खोटं बोलत नाही ना?” बघा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

जावई राहिला. लेक राहिली. मॅनेजरनं नव्या जर्सी मागवल्या आणि धुलाईखोलीच्या नळावर मोठं निळं टिंब काढून गेला. पण आता रविवारी मलाही मॅचला नेतात, पुढच्या रांगेत बसवतात, आणि चेंडू कुठेही बाहेर जावो, हिरो चुको, गोलकीपर घसरो, पाऊस येवो, गॅलरीतली अडीच हजार माणसं मॅनेजरचं नाव घेत नाहीत, खांबाचं घेत नाहीत, हात वर करून एका सुरात एकच ओरडतात. परवा नात मांडीवर होती. हिरोनं चेंडू आकाशात मारला. पोरगी ताडकन उभी राहिली, दोन्ही हात वर केले, आणि आयुष्यातला पहिला शब्द बोलली. आई नाही. बाबा नाही. आजी तर नाहीच नाही.

मावशी.