डिरेक्टरीवाल्याचा फोन

चहा घे रे, पण त्या डिरेक्टरीवाल्याचं नाव काढू नको, डोकं फिरतं माझं. सून मालवणी मसाला करून विकते, त्याचा ब्लॉग लिहिते. हा येऊन म्हणाला, "काका, ब्लॉगची लिंक इंटरनेटवरच्या पन्नास डिरेक्टऱ्यांत, म्हणजे धंद्यांच्या याद्यांत, टाकतो. सर्चमध्ये सगळ्यांत वर दिसाल." मसाला कुटायच्या डंकावर सुनेला फोन ऐकू येत नाही, म्हणून लिंकसोबत नंबर माझा दिला.

मिरचीचा अख्खा हंगाम गेला, ब्लॉग होता तिथंच. गिऱ्हाईक एक नाही. फोन यायचे ते सगळे ब्लॉग वर आणून देणाऱ्यांचे! सून रडकुंडीला आली.

काल परत फोन. आवाज त्याचाच. "सर, तुमचा ब्लॉग फार मागे पडलाय. डिरेक्टरीत टाकू?"

जन्मात कुणाला शिवी दिली नव्हती मी. सुनेसमोर दिली.

ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडूनही एक द्या."