तिसऱ्या मोजणीचा हट्ट

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष राजन खानोलकर, सत्कारमूर्ती लेस्टर तुस्कानो, जॅकलीनवहिनी, व्यासपीठावरचे मान्यवर, बहारीनच्या या गजबजलेल्या अदलियात पार्किंग शोधून वेळेवर पोचलेले सभासद आणि अजून शोधत असलेले सभासद,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवतो. व्यासपीठावर सहा खुर्च्या आहेत. एसीचा झोत त्यांतल्या एकीवरच येतो आणि ती खुर्ची सलग सातव्या वर्षी माझ्या वाट्याला आली आहे. हा योगायोग आहे असं मानणारी साधी माणसं मंडळात अजून आहेत, याचा मला आनंद वाटतो. राजनराव, हसू नका, मी बघतोय.

सात वर्षांपूर्वी अध्यक्षपदासाठी राजनराव आणि मी उभे होतो. निवडणूक अधिकारी होता लेस्टर. आपला नियम साधा आहे. कुटुंबाला एक मत, चिठ्ठी बंद पाकिटात, पाकिटावर मत टाकणाऱ्याचं नाव. एका घरातून दोन पाकिटं आली तर दोन्ही न उघडता बाद. निकाल लागला, राजनराव एकसष्ट, मी साठ. आणि लेस्टरनं जाहीर केलं, "एका घरची दोन पाकिटं बाद आहेत."

एका मतानं हरलेला माणूस हे ऐकून शांत बसेल? मी थेट अमेरिका गाठली. वॉशिंग्टन राज्यातली २००४ ची गव्हर्नरपदाची निवडणूक. राजधानी नव्हे हो, पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य. पहिल्या मोजणीत एक उमेदवार २६१ मतांनी पुढे. यंत्रांनी पुन्हा मोजलं, तर आघाडी उरली ४२. मग हातानं मोजलं आणि दुसऱ्याच पक्षाचा उमेदवार १२९ मतांनी निवडून आला! मधल्या काळात चुकून बाद ठरलेली शेकडो टपाली पाकिटं तिकडे सिअ‍ॅटल शहरात सापडली होती. सर्वसाधारण सभेत ही हकीकत मी प्रिंटआउट हलवत वाचली आणि विचारलं, "सिअ‍ॅटलची पाकिटं उघडतात, मग आपली का नाही?"

लेस्टर म्हणाला, "सलीलराव, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा पण मोजतो. पण बाद पाकिटं उघडणार नाय. कोणाची ते पण बोलणार नाय."

"मग यात काळंबेरं आहे!" मी ओरडलो. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्यात. आता खाली कशाला बघता?

तिसऱ्यांदा मोजलं, पुन्हा साठच. पण माझा संशय मात्र बहुमतानं निवडून आला. त्यानंतर लेस्टरला कुणी निवडणुकीचं काम दिलं नाही. गणपतीच्या जेवणाची कुपनं मोजायला तो बसला, तरी शेजारी एक माणूस बसवायचे. हॉस्पिटलात सव्वीस वर्षं लोकांच्या फायली सांभाळणारा हा माणूस. तो कुपनं मोजत राहिला.

परवा तो घरी आला. म्हणाला, "सामान आवरताना मिळाली. फाडायला हात होईना." दोन पाकिटं होती, बंद. एकावर माझं अक्षर. दुसऱ्यावर, मंडळी, आमच्या सौ. अरुणाचं.

अरुणा म्हणाली, "मी ड्युटीवरून थेट हॉलवर गेले होते. तू सकाळीच टाकून आलास, हे मला कोण सांगणार?"

"पण मत कुणाला दिलंस?"

"गुप्त मतदान असतं ते."

मी लेस्टरला विचारलं, "अरे, तेव्हाच का नाही बोललास?"

"भर सभेत वहिनींचं नाव घेऊ? त्या पहिल्या रांगेत होत्या. नवऱ्याला बायकोनं पाडलं म्हणून लोक बहारीनभर हसले असते."

म्हणजे सात वर्षं मी ज्याच्या नावानं कुजबुजत होतो, तो माझंच घर झाकत होता. अरुणाचं पाकीट अजून उघडलेलं नाही. उघडायची माझी हिंमत नाही आणि तिची इच्छा नाही. चहा देताना ती हल्ली गालात हसते, त्याची चौकशी चालू आहे.

लेस्टर, उद्या तुझं विमान आहे. ज्या लोकांसमोर मी तुला खोटा ठरवलं, त्यांच्याचसमोर सांगतो, मोजणी चोख होती. खोटा मी होतो.

हॉल देणाऱ्यांचे, जेवण करणाऱ्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्यांचे आभार. कुणाला लागेल असं काही बोललो असेन तर पोटात घाला. पोटात घालण्यासारखं माझं आधीच बरंच आहे.

राजनराव, तो जुना निकालाचा कागद आणलाय ना? 'मोजणी मान्य', खाली पराभूत उमेदवाराची सही. ती जागा मी कोरी सोडली होती.

नाही, माईक राहू दे. पेन द्या.